निक मेसन यांचे आत्मकथन: साक्षीदाराचे की भागीदाराचे?

अनवट

नमस्कार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रमवादक निक मेसन यांचे 'इन्साइड आउट' हे २००४ साली प्रथम प्रसिद्ध झालेले आत्मकथन नुकतेच वाचून संपवले. त्यातून पडलेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडतो. तो संगीताविषयी कमी आणि आत्मचरित्र कसे वाचावे याविषयी अधिक आहे.

पुस्तक वाचायला अतिशय सुखद आहे, हे आधीच सांगतो. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुरचनेचे शिक्षण घेताना सुमारे सहा महिने एकाच वर्गात असूनही रॉजर वॉटर्स आपल्याशी बोलले नव्हते, आणि बोलले तेही मेसन यांची १९३० सालची जुनी ऑस्टिन मोटार उसनी मागण्यासाठी, अशी त्याची सुरुवात आहे. मेसन यांनी गाडी बंद असल्याची थाप मारली आणि थोड्याच वेळात तीच गाडी चालवताना ते वॉटर्स यांच्या दृष्टीस पडले. स्वतःकडे आणि मित्रांकडे तिरकस, पण कटुता नसलेल्या नजरेने पाहण्याची ही पद्धत मेसन शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

जानेवारी १९६८ मधील प्रसंग घ्या. बँडचा मूळ कवी, गायक आणि गिटारवादक सिड बॅरेट मानसिकदृष्ट्या ढासळत चालला होता आणि डेव्हिड गिल्मोर नुकतेच बँडमध्ये दाखल झाले होते. साउदॅम्प्टन येथील कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत कोणीतरी विचारले की सिडला घ्यायला जायचे का, आणि राहू द्या असे ठरले. ज्याने बँडला नाव दिले, ज्याच्या गाण्यांवर पहिली लोकप्रियता मिळाली, त्याची अखेर अशी गाडीत बसल्या-बसल्या झाली. पुढे १९७९ मध्ये 'द वॉल' या अल्बमचे काम चालू असताना कीबोर्डवादक रिक राइट यांना, म्हणजे कॉलेजपासूनच्या सोबत्याला, बँडमधून काढण्यात आले आणि तो निरोप त्यांना व्यवस्थापकामार्फत मिळाला. मेसन हे दोन्ही प्रसंग सांगतात, लपवत नाहीत, किंचित खंतही व्यक्त करतात. परंतु त्या क्षणी आपण स्वतः काय म्हणालो, कोणाच्या बाजूने उभे राहिलो, याविषयी वाचकाच्या हाती फारसे लागत नाही.

हा सुसंस्कृत संयम मानावा, की सोयीस्कर मौन? सत्तरच्या दशकातील इतर ड्रमवादकांची आत्मचरित्रेही अशीच आहेत का, की हा मेसन यांचाच स्वभाव आहे? ज्यांनी अशी पुस्तके वाचली आहेत त्यांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

ठेकेदार

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण आपण भांडणांच्या पानांवर अधिक रेंगाळलात असे वाटते. मी तबला वाजवतो आणि कॉलेजच्या दिवसांत ड्रमसेटवरही बसत असे, त्यामुळे मी हे पुस्तक कामाच्या नोंदींसाठी वाचले. त्या बाबतीत मेसन मुळीच हात राखून लिहीत नाहीत.

१९७० सालच्या 'अ‍ॅटम हार्ट मदर' या शीर्षकरचनेची हकिकत पाहा. ई.एम.आय. या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओत एक इंच रुंदीच्या टेपवर चालणारी नवी आठ ट्रॅकची यंत्रे आली होती, आणि ती टेप कापून जोडण्यास व्यवस्थापनाने मनाई केली होती. परिणामी तेवीस मिनिटांहून लांब असलेल्या त्या रचनेचा संपूर्ण पाया वॉटर्स यांची बेस गिटार आणि मेसन यांचे ड्रम एवढ्यांनीच एका दमात वाजवला. संदर्भाला गाणारे कोणी नाही, सूर धरणारे वाद्य नाही आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. लय पुढेमागे झाली आणि तिच्यावर नंतर बसवलेल्या पितळी वाद्यांच्या वादकांना व गायकवृंदाला तिचा ताप झाला, हे मेसन स्वतः सांगतात. आपली लय सरकली हे छापील पुस्तकात सांगणारे तालवादक किती असतील, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या ओळखीच्या मंडळींपुरता करावा.

'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधील 'मनी' या गाण्याच्या प्रारंभीचा नाण्यांचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा आवाज सर्वांनी ऐकलेला असतो. तो कसा बनला, हा या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. मेसन यांनी जुन्या पेन्यांना भोके पाडून त्या दोऱ्यात ओवल्या आणि त्यांचा खुळखुळाट मुद्रित केला. कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याचा आवाज असे एकेक आवाज जमवून प्रत्येकाचा टेपचा तुकडा पट्टीने मोजून सारख्या लांबीचा कापला आणि असे सात तुकडे जोडून त्यांचे वेटोळे यंत्रावर फिरवत ठेवले. एक तुकडा म्हणजे एक मात्रा, असे सात मात्रांचे आवर्तन. आपल्याकडील वाचकाला येथे सात मात्रांचा रूपक ताल आठवणे साहजिक आहे, परंतु साम्य मात्रांच्या संख्येपुरतेच आहे. रूपकात समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, खाली म्हणजे हलका आघात असतो, तर येथे पहिली मात्रा बेस आणि ड्रम यांच्या भरीव आघाताने ठामपणे सांगितली जाते. सॅक्सोफोनचा एकल भाग याच सात मात्रांत वाजतो आणि गिटारच्या एकल भागाला मात्र गाणे सरळ चार मात्रांत जाते. त्या वळणावर मेसन ज्या प्रकारे सैल सुटतात ते ऐकताना सात मात्रांचा ताण त्यांनाही जाणवत असावा, असे मला नेहमी वाटते. २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स यांनी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात हा अख्खा अल्बम सादर केला. ड्रमवर तेव्हा मेसन नव्हते, ग्रॅहम ब्रॉड होते. वादन अधिक सफाईदार होते, पण त्या वळणावरची ती सुटका मला त्यात सापडली नाही.

तेव्हा मेसन सत्य टाळतात असे सरसकट म्हणता येणार नाही. 'द वॉल'मधील 'मदर' या गाण्यातील बदलत्या मात्रा आपल्याला नीट जमल्या नाहीत म्हणून तिथे जेफ पोर्कारो यांनी ड्रम वाजवले, आणि १९८७ च्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'मध्ये बरेचसे काम इतर वादकांनी आणि ड्रम मशिनने केले, हेही ते सांगतात. स्वतःच्या उणिवा जो इतक्या सहज सांगतो तो इतरांविषयी मौन पाळतो, ते मला सभ्यतेचे वाटते.

जुनी तबकडी

ठेकेदार यांनी वादनाविषयी जे लिहिले ते मान्य आहे. तरीही माणूस स्वतःच्या वादनातील उणीव खुशाल सांगतो आणि व्यवहारातील आपली बाजू मात्र सांगत नाही, याची संगती सभ्यतेने लागत नाही असे माझे मत आहे. ती लावायची तर मेसन यांचे बँडमधील स्थान आधी पाहावे लागेल.

रॉक संगीतात पैसा दोन वाटांनी येतो. ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतील हिस्सा बँडच्या सदस्यांत वाटला जातो, पण गाण्याच्या रचनेचा हक्क आणि त्यावरील मानधन ज्यांची नावे रचनाकार म्हणून लागतात त्यांनाच मिळते. चाल आणि शब्द म्हणजे रचना. ड्रमचा ठेका, तो कितीही नवा असला तरी, सहसा रचनेत धरला जात नाही. आता श्रेयनामावली उघडून पाहा. १९७१ च्या 'मेडल'मधील 'एकोज' आणि 'वन ऑफ दीज डेज' चौघांच्या नावावर आहेत. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये मेसन यांचे नाव 'स्पीक टु मी', 'टाइम' आणि 'एनी कलर यू लाइक' या तीन ठिकाणी येते, आणि त्यांपैकी 'स्पीक टु मी' तर एकट्या त्यांच्या नावावर आहे. हृदयाच्या ठोक्यांपासून सुरू होणारा तो तुकडा पुढच्या गाण्यांतील आवाजांची जुळणी आहे आणि त्याचे श्रेय आपण मेसन यांना भेट म्हणून दिले होते, असे वॉटर्स पुढे चडफडून सांगत राहिले. त्यानंतरचे 'विश यू वेअर हिअर', 'अ‍ॅनिमल्स' आणि 'द वॉल' पाहिले, तर रचनाकार म्हणून मेसन यांचे नाव एकाही गाण्यावर नाही. दशकाच्या प्रारंभी चौघांचे असलेले घर दशकाच्या अखेरीस बव्हंशी एकाचे झाले, आणि ही गोष्ट सांगायला मेसन यांच्याइतका योग्य माणूस नव्हता. ते ती सांगतात, पण हवामान बदलावे तशी, कोणी घडवून न आणता घडल्यासारखी.

असे का? कारण रचनाकार नसले तरी ते भागीदार होते. बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर उपस्थिती असलेले ते एकमेव सदस्य आहेत. वॉटर्स यांनी १९८६ मध्ये पिंक फ्लॉइड हे नाव संपुष्टात आणण्यासाठी न्यायालयाची वाट धरली तेव्हा मेसन गिल्मोर यांच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढच्या वर्षीच्या दौऱ्यासाठी पैसा उभा करताना त्यांनी आपली फेरारी २५० जीटीओ तारण ठेवली. मोटारींवर जीव असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य. परंतु ज्याने नावावर एवढा डाव लावला त्याचे पुस्तक त्या नावाचा इतिहास म्हणून वाचताना, निवेदक स्वतः दाव्यातील एक पक्ष होता हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

रिक राइट यांच्या प्रकरणातील एक विलक्षण बाब आपल्या लक्षात आली असेलच. बँडमधून काढल्यानंतर त्यांनी 'द वॉल'चे १९८० आणि ८१ मधील कार्यक्रम पगारी वादक म्हणून केले. ते कार्यक्रम इतके खर्चीक होते की भागीदारांना तोटा झाला आणि ज्यांना त्यातून पैसे मिळाले असे राइट एकटेच ठरले. मेसन हे विनोद म्हणून सांगतात, आणि विनोद उत्तमच आहे. पण १९७९ मध्ये राइट यांना घालवण्याची घाई कशामुळे होती, याचेही उत्तर पैशांतच आहे. गुंतवणुकीत बँडचे प्रचंड नुकसान झालेले होते, ब्रिटनमध्ये कमाईवरील कराचा सर्वोच्च दर त्या वर्षापर्यंत ८३ टक्के होता, त्यामुळे चौघेही वर्षभरासाठी देशाबाहेर गेले आणि अल्बम वेळेत पूर्ण करणे भाग होते. त्याच उन्हाळ्यात आपले वादन आटोपून मेसन स्वतः 'ल माँ'च्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत उतरले होते. एकाला काम अडवल्याबद्दल घालवले आणि दुसरा शर्यतीला जाऊन आला. ही दोन वाक्ये पुस्तकात एकमेकांशेजारी आली असती तर मला अधिक आवडले असते.

आपण इतर आत्मचरित्रांविषयी विचारले आहे. दोन सुचवतो, आणि दोन्ही या मुद्द्याशी थेट जोडलेली आहेत.

पहिले वुडी वुडमन्सी यांचे, २०१६ मधले. डेव्हिड बोवी यांच्या 'स्पायडर्स फ्रॉम मार्स' या साथीच्या बँडचे ते ड्रमवादक. ते भागीदार नव्हते, पगारी होते. १९७३ च्या अमेरिका दौऱ्यात नव्याने आलेल्या पियानोवादकाला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळतात हे त्यांना त्या वादकाशी बोलताना कळले. त्याच वर्षी ३ जुलै रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवी यांनी रंगमंचावरून हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचे जाहीर केले, तेव्हा मागे ड्रमवर बसलेल्या वुडमन्सी यांनाही ते श्रोत्यांबरोबरच समजले. येथे मौनाला जागाच नाही, कारण जपायला भागीदारी नाही.

दुसरे लेव्हॉन हेल्म यांचे, १९९३ मधले. हेल्म हे 'द बँड'चे ड्रमवादक आणि गायक, अमेरिकेच्या दक्षिणेतील आर्कान्सासच्या कापूसशेतांत वाढलेले आणि इतर चौघे कॅनडाचे. गाणी सगळ्यांनी मिळून घडवली, दक्षिणेकडची बोली आणि माणसे माझ्या आठवणींतून आली, आणि रचनाकार म्हणून नाव मात्र प्रामुख्याने गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांचेच लागले, ही त्यांची तक्रार पुस्तकभर धगधगत राहते. नोव्हेंबर १९७६ मधील बँडचा निरोपाचा कार्यक्रम आणि त्यावरचा मार्टिन स्कॉर्सेसी यांचा चित्रपट यांवरही ते तुटून पडतात. मेसन यांचे पुस्तक संपवून लगेच हेल्म यांचे हाती घ्या, म्हणजे मेसन यांनी किती ठिकाणी आवाज खाली ठेवला आहे ते कळेल.

मांडवीकाठ

जुनी तबकडी यांचा श्रेयाचा मुद्दा वाचून एक जोड द्यावीशी वाटते. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधील 'द ग्रेट गिग इन द स्काय' या गाण्यात क्लेअर टॉरी यांनी शब्दांविना जो आलाप घेतला त्याबद्दल त्यांना १९७३ मध्ये ३० पौंड मिळाले होते. २००४ मध्ये त्यांनी दावा दाखल केला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून राइट यांच्याबरोबर त्यांचेही नाव रचनाकार म्हणून लागते. गाणे वाजवता-गाता घडवणे आणि गाणे लिहिणे यांतील सीमारेषा कायदा मानतो तेवढी पक्की नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. ड्रमवादकांपैकी कोणी असा दावा जिंकला असता तर रॉकचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला असता.

आम्हा गोमंतकीयांना हा विषय परका नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सॅबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या वाद्यवृंद-संयोजकांनी आणि आमच्याकडच्या असंख्य वादकांनी गाण्यांना जे रूप दिले, किंवा कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी या पारशी कुटुंबाने तालवाद्यांत जे काम केले, त्याची नोंद त्या काळच्या तबकड्यांवर नसे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आत्मचरित्रेही लिहिली नाहीत. म्हणून मेसन यांनी काय लिहिले नाही यावर रागावण्यापेक्षा मला त्यांनी लिहिले याचेच अप्रूप अधिक वाटते.

अनवट यांनी आणखी एक पुस्तक पाहावे, ते म्हणजे बिल ब्रुफर्ड यांचे २००९ मधील आत्मचरित्र. 'क्लोज टु द एज' हा अल्बम पूर्ण होताच, १९७२ मध्ये, त्यांनी यशाच्या शिखरावर असलेला 'येस' हा बँड सोडला आणि पैशाच्या दृष्टीने बेभरवशाच्या 'किंग क्रिम्सन'मध्ये ते गेले; तो बँडही १९७४ मध्ये मोडला. भागीदारीच जपायची नाही असे ठरवलेल्या वादकाचे हे पुस्तक आहे. त्यात व्यवसायाची चिकित्सा आहे, स्वतःच्या अहंकाराची आहे, आणि पुढे त्यांनी विद्यापीठात संशोधन करून डॉक्टरेट मिळवली याचे आश्चर्य वाटू नये इतकी वैचारिक शिस्तही आहे. विनोद मात्र मेसन यांच्याइतका नाही.

अनवट

सर्वांचे आभार. जुनी तबकडी, भागीदार आणि पगारी वादक हा भेद माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि त्या दृष्टीने राइट यांची पाने पुन्हा वाचली. तरीही हेल्म यांच्याविषयी शंका उरते. त्यांचे पुस्तक अधिक मोकळे असेल, पण मोकळेपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. रॉबर्टसन यांनी ते आरोप नाकारले होते आणि २०१६ मध्ये स्वतःचे आत्मचरित्रही प्रसिद्ध केले; गाण्याच्या खोलीत नेमके काय घडले ते पाचांपैकी दोघांच्या परस्परविरोधी कथनांवरून ठरवणे अवघड आहे. रागावलेला साक्षीदार आणि गप्प साक्षीदार यांत पहिल्यावर अधिक विश्वास टाकावा असे मला वाटत नाही.

ठेकेदार, एक छोटा प्रश्न. 'मदर'मध्ये पोर्कारो यांनी वाजवले हे ठीक, पण रंगमंचावर ते गाणे कोण वाजवत असे?

जुनी तबकडी

विश्वासाचे म्हणाल तर मी दोघांवरही पुरता टाकत नाही. पण हेल्म काय म्हणतात ते खोडून काढता येते, कारण त्यांनी ते म्हटलेले आहे. मेसन यांचे १९७९ मधील मत खोडायचे तर आधी ते सापडायला हवे.

ठेकेदार

अनवट, रंगमंचावर मेसन स्वतःच वाजवत असत. 'द वॉल'च्या कार्यक्रमांत प्रत्येक वादकामागे एक जोडीदार उभा केलेला होता आणि ड्रमवर मेसन यांच्या जोडीला विली विल्सन असत. लंडनच्या अर्ल्स कोर्टमधील त्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण २००० साली अल्बमरूपाने निघाले आहे. त्यातले 'मदर' आणि मूळ अल्बममधले 'मदर' पाठोपाठ ऐका. पोर्कारो मात्रा बदलताना कुठेही शिवण दिसू देत नाहीत. रंगमंचावरच्या वादनात मोजणी किंचित जाणवते, आणि गिटारचा एकल भाग सुरू होऊन ठेका सरळ झाला की दोघेही तालवादक हात मोकळा सोडतात.